आधी काय संपणार, ते आधी ठरव

एमएस्सी होऊन तू लोट्याच्या प्लांटवर प्रोडक्शन ट्रेनी म्हणून रुजू होते आहेस, आणि तुझी आई म्हणते, "दादा, तिला चार गोष्टी सांग." मामा झालं की चार गोष्टी सांगाव्याच लागतात. पण सेफ्टी शूज, गॉगल, वरिष्ठांशी कसं बोलायचं, हे सगळं तुला तिथे पहिल्याच दिवशी सांगतील. मी जे सांगणार आहे ते बहुधा कुणी सांगणार नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की ते अकरावीतच होऊन गेलंय.

लिमिटिंग रीजंट. परीक्षेत तो प्रश्न कसा यायचा आठवतंय ना? अमुक इतके ग्रॅम हे, तमुक इतके ग्रॅम ते. सांगा, आधी काय संपेल आणि माल किती मिळेल. वजनं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली, तू फक्त शोधायचं. प्लांटवर हे उलटं आहे. आधी काय संपवायचं ते तू ठरवायचं आणि मग त्यावरून वजनं काढायची. एवढा एक फरक डोक्यात बसला नाही म्हणून दहा-दहा वर्षं काम केलेली माणसंसुद्धा उतारा कमी का आला याची कारणं भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

उदाहरण ॲस्पिरिनचं घेऊ. तू कॉलेजात बीकरमध्ये केलेलं आहेस, आणि बायर कंपनीने 1899 मध्ये बाजारात आणल्यापासून जगभर टनांनी बनतंय. सॅलिसिलिक ॲसिड, रेणुभार 138. ॲसेटिक ॲनहायड्राइड, 102. दोघांची गाठ पडली की ॲस्पिरिन 180 आणि ॲसेटिक ॲसिड 60. एकास एक, सरळ हिशोब. आता 552 किलो सॅलिसिलिक भरलं तर ते झालं 4 किलोमोल. त्याला ॲनहायड्राइड बरोबर 4 किलोमोल, म्हणजे 408 किलो पुरायला हवं. पण बॅच शीटवर तुला 449 किलो दिसेल. म्हणजे 4.4 किलोमोल, दहा टक्के जास्त. नवीन माणूस विचारतो, हे 41 किलो फुकट का घालायचं? प्रश्न चांगला आहे. उत्तर बहुतेकांना "पूर्वीपासून घालतात" एवढंच माहीत असतं. तेवढ्यावर तू समाधान मानू नकोस.

उरलेलं ॲनहायड्राइड कुठे जातं बघ. ते पातळ आहे. ॲस्पिरिनचे स्फटिक गाळले की ॲसेटिक ॲसिडबरोबर तेही मदर लिकरमध्ये निघून जातं, आणि थोडं स्फटिकांना चिकटलंच तर धुतलं जातं. उलट सॅलिसिलिक उरलं तर? ते घनरूप, ॲस्पिरिनसारखंच पांढरं, पाण्यात तेवढंच कमी विरघळणारं. ते स्फटिकांबरोबरच बसून राहतं. आणि मुक्त सॅलिसिलिक गोळीत किती चालेल यावर फार्माकोपियाने घट्ट मर्यादा घातलेली आहे, कारण ते पोटाला झोंबतं. तुला फेरिक क्लोराइडची परीक्षा आठवत असेल: थेंब टाकला की जांभळा रंग. चांगल्या ॲस्पिरिनला तो येत नाही, सॅलिसिलिक उरलेल्याला येतो. म्हणून सॅलिसिलिक संपलंच पाहिजे, आणि ते नक्की संपावं म्हणून ॲनहायड्राइड उरू द्यायचं. ही निवड किमतीवरून झालेली नाही, जे उरेल ते काढता येईल की नाही यावरून झालेली आहे.

तुझ्या आजीचं मोदकांचं गणित हेच होतं. उकड उरली तर निवगऱ्या होतात, सारण उरलं तर मुलं वाटीतून खातात, त्यामुळे काहीही उरलं तरी तिचं बिघडत नसे. रिॲक्टरमधल्या उरलेल्याच्या निवगऱ्या होत नाहीत. तिथे प्रत्येक उरलेल्या किलोला एक पत्ता लागतो: परत वापरायचा, विकायचा, की ईटीपीला, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेला, पाठवायचा. पत्ता नसेल तर ते उरू द्यायचं नाही.

तेव्हा कुठलीही नवी बॅच शीट हातात आली की समोर जितके कच्चे माल असतील त्या प्रत्येकाला विचार. हे उरलं तर मालातून निघेल का? हे महाग आहे का? हे उरलं तर पुढच्या पायरीत काही खोडी करेल का? आणि सर्वांत महत्त्वाचं, हे उरणं धोक्याचं आहे का? चारही उत्तरं एकाच दिशेला जाताहेत असं क्वचितच होतं. महागडा माल संपवावा म्हणून तू दुसरा दुप्पट घालशील, तर तो दुसरा मालाला जाऊन दोनदा चिकटेल आणि अशुद्धी वाढेल. ब्रोमिनेशनमध्ये हे फार दिसतं. एक ब्रोमीन लावायचा असतो, जास्त घातला की दुसराही लागतो, आणि मग ते डायब्रोमो काढता काढता सगळी कमाई जाते. अशा वेळी शहाणी माणसं उलट करतात. ब्रोमीन किंचित कमी घालतात, थोडा मूळ माल उरू देतात, आणि तो परत मिळवून पुढच्या बॅचला वापरतात.

आता पाणी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पाणी बॅच शीटवर कच्चा माल म्हणून लिहिलेलं नसतं, पण ते प्रत्येक बॅचमध्ये असतं. 18 किलो पाणी 102 किलो ॲनहायड्राइड खातं. म्हणजे 1 किलो पाण्यामागे साडेपाच किलोहून जास्त ॲनहायड्राइड गेलं. आता वरचाच हिशोब घे. 552 किलो सॅलिसिलिकमध्ये ओलावा अर्धा टक्का असेल तर पावणेतीन किलो पाणी झालं, त्याने पंधरा-सोळा किलो ॲनहायड्राइड संपवलं. तुझं दहा टक्के जास्तीचं आता सहा-सात टक्क्यांवर आलं. चालतंय अजून. पण जुलै महिना आहे, बॅगा गोदामात भिंतीला टेकवून ठेवल्यात, दोन फुटल्यात, आणि ओलावा 2 टक्के झाला. 11 किलो पाणी! त्याने 62 किलोच्या वर ॲनहायड्राइड गिळलं. उरलं 386 किलो, म्हणजे 3.8 किलोमोलहून थोडं कमी. आणि कोरडं सॅलिसिलिक आहे 541 किलो, 3.92 किलोमोल. झालं की नाही उलटं? तू कागदावर ॲनहायड्राइड उरवलं होतंस, प्रत्यक्षात तेच आधी संपलं. अठरा किलोच्या आसपास सॅलिसिलिक तसंच राहिलं, ते स्फटिकांत बसलं, आणि क्यूसीमधून फोन आला की बॅच फेल. मग सगळे तापमान बघतात, वेळ बघतात, कॅटॅलिस्टला शिव्या देतात. गोदामात कुणी जात नाही.

म्हणून चार्ज करण्याआधी कार्ल फिशरचा आकडा माग. सप्लायरच्या सर्टिफिकेटवरचा नाही, आज सकाळी आपल्या लॅबने काढलेला. लॅबवाले कुरकुर करतील. करू देत. पाण्याचे आणखी वाटेकरी लक्षात ठेव: धुऊन पूर्ण न वाळवलेला रिॲक्टर, तळाच्या व्हॉल्व्हवर साचलेलं, कंडेन्सरची गळकी नळी, परत मिळवलेलं सॉल्व्हंट. रिकव्हर्ड टोल्युइन घेऊन ग्रिग्नार्ड करायला गेलेल्यांची हकिगत कोकणातल्या कुठल्याही एमआयडीसीत ऐकायला मिळेल.

ॲनहायड्राइडबद्दल एक वेगळीच गोष्टही कानावर घालून ठेवतो. मॉर्फिनचं हेरॉइन करायला हेच लागतं, म्हणून 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली ते नियंत्रित पदार्थ आहे. आलं किती, गेलं किती, उरलं किती, याचं रजिस्टर असतं आणि ते तपासायला माणसं येतात. त्यांना "सर, ओलाव्यात गेलं असेल" हे उत्तर चालत नाही. तेव्हा हिशोब केवळ उताऱ्यासाठी नाही.

वजनाचंही तसंच. ड्रमवर 200 किलो लिहिलंय म्हणून आत 200 किलो नसतं, आणि 200 किलो असलं तरी ते सगळं तोच पदार्थ नसतं. व्यापारी हायड्रोक्लोरिक साधारण 30 टक्क्यांचं असतं. कॉस्टिक लाय 48 टक्क्यांच्या आसपास येते आणि तिचा भाव "100 टक्के बेसिसवर" बोलतात, त्यामुळे पर्चेसचा किलो आणि तुझा किलो वेगळा. ऑक्झॅलिक ॲसिड बाजारात मिळतं ते दोन पाण्यांसकट, रेणुभार 126. कुणी 90 धरून चार्ज काढला तर जवळजवळ तीस टक्के कमी पडतं, आणि बॅच शीटवर सगळं बरोबरच दिसत राहतं. तेव्हा कागदावर एक ओळ अशी आख: नाव, किलो, शुद्धता (ॲसे), ओलावा, रेणुभार, किलोमोल, आणि शेवटी समीकरणातल्या आकड्याने भागून आलेली संख्या. शेवटच्या रकान्यात जो सर्वांत लहान, तो आधी संपणार. दहा मिनिटांचं काम आहे. संगणकात करायला हरकत नाही, पण सुरुवातीला हाताने कर, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते अंगवळणी पडेल.

थंडीतली एक गोष्ट. लोट्याला नाही घडणार, पण तुला कधी कुरकुंभला किंवा सिन्नरला पाठवलं तर उपयोगी पडेल. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड 16.6 अंशाला गोठतं. डिसेंबरच्या पहाटे ड्रम अर्धवट गोठलेला असतो. कामगार वरचं पातळ पंपाने ओढून घेतो आणि वाटतं, चला, काम झालं. पण गोठतं ते शुद्ध ॲसिड. पाणी मागे पातळात गोळा होतं. म्हणजे तू जे ओढलंस ते ड्रमच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त पाण्याचं. पूर्ण वितळवून, हलवून मगच घ्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रमचं तळाचं घेतलं की ती बॅच सुरेख येते आणि सगळे म्हणतात, कालच्या शिफ्टने घाण केली.

समीकरणातला आकडा विसरायचा नाही हे तुला माहीत आहे. पण समीकरणात न लिहिलेले चोरही असतात. अमाइन आणि ॲसिड क्लोराइडचं घे. कागदावर एकास एक. अमाइड होतं आणि एचसीएल सुटतं. ते एचसीएल रिकामं बसत नाही, दुसऱ्या अमाइनला जाऊन धरतं आणि त्याचं मीठ करतं. मीठ झालेलं अमाइन आता कामाचं नाही. बेस घातलं नाहीस तर अमाइनवर धरलेला उतारा पन्नास टक्क्यांच्या वर जाणारच नाही, कितीही तास ढवळ. फ्रीडेल-क्राफ्ट्स ॲसिलेशनमध्येही ॲल्युमिनियम क्लोराइडला पुस्तकात कॅटॅलिस्ट म्हणतात, म्हणून कुणी चिमूटभर घालायला जातो. तयार झालेलं कीटोन त्याला धरून बसतं, सोडत नाही. म्हणून ते एका मोलला एक मोलहून जास्त लागतं, आणि शेवटी सगळं पाण्यात जाऊन ईटीपीवाल्यांच्या डोक्यावर बसतं.

आता जरा भांड्याच्या आत बघ. माल भांड्यात असणं वेगळं आणि तो एकमेकांना भेटणं वेगळं. सॅलिसिलिकची ढेप तळाशी बसली तर बाहेरून ॲनहायड्राइड भरपूर आणि ढेपेच्या आत दुष्काळ. हायड्रोजनेशनमध्ये तर हे अगदी ठळक दिसतं. सिलिंडरचा साठा आहे, प्रेशर आहे, पण हायड्रोजन द्रवात विरघळतो फारच थोडा, आणि कॅटॅलिस्टपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. अशा वेळी कॅटॅलिस्टच्या दृष्टीने आधी संपतो तो हायड्रोजन. मग कॅटॅलिस्ट वाढवून काही होत नाही. ढवळणी वाढव, तर फरक पडतो. या विषयावरचं जगाने वापरलेलं पुस्तक आपल्याकडच्याच दोघांनी लिहिलं, पुण्याच्या एनसीएलचे दोराईस्वामी आणि माटुंग्याच्या यूडीसीटीचे एम. एम. शर्मा, 1984 मध्ये. जाडजूड आहे. सगळं वाचायला सांगत नाही, पण प्लांटच्या लायब्ररीत असेल तर द्रव-वायूची प्रकरणं उघडून बघ. एक साधी चाचणी मात्र लगेच शिकून घे: ढवळण्याचा वेग वाढवला आणि रिॲक्शन वेगाने झाली, तर अडचण भेटीगाठीची आहे. वेग वाढवूनही काही बदललं नाही, तर अडचण रसायनातच शोध.

यापुढचं नीट ऐक, कारण यात उताऱ्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

उष्णता सुटणाऱ्या रिॲक्शनमध्ये एक माल आधी भरतात आणि दुसरा वरून हळूहळू सोडतात. हे हळूहळू सोडणं कशासाठी? वरून येणारा माल आत पडल्या पडल्या संपावा म्हणून. म्हणजे प्रत्येक क्षणाला भांड्यात कमी असलेला, आधी संपणारा माल तोच असला पाहिजे. तसं असेल तर गडबड झाली की डोसिंगचा व्हॉल्व्ह बंद करायचा, उष्णता थांबते. सगळी सत्ता त्या एका व्हॉल्व्हमध्ये असते. पण तो माल संपत नसेल, साचत असेल, तर व्हॉल्व्ह बंद करून काही उपयोग नाही. आत लाकडं रचून झालेली असतात.

आणि साचतो कधी? लोकांना वाटतं तापमान जास्त झालं की धोका. उलटंही खरं आहे. नवा ऑपरेटर काळजीपोटी ब्राइन जोरात सोडतो, भांडं ठरल्यापेक्षा दहा अंश थंड ठेवतो. रिॲक्शन मंदावते, डोसिंग मात्र चालूच. त्याला वाटतं किती शांत बॅच चाललीय. दोन तासांनी कुणीतरी ब्राइन कमी करतं, तापमान चढतं, आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं. थंड म्हणजे सुरक्षित नव्हे. दुसरा प्रकार ढवळणीचा. नायट्रेशनसारख्या दोन थरांच्या कामात स्टरर बंद पडला आणि डोसिंग चालू राहिलं, तर खाली-वर दोन थर न भेटता साचतात. ते लक्षात आल्यावर घाईने स्टरर चालू करणं हे सर्वांत वाईट. आधी डोसिंग बंद, मग वरिष्ठांना हाक, मग प्लांटच्या लेखी सूचनेप्रमाणे पुढचं. स्वतःच्या हुशारीने बटण दाबायचं नाही. तुझ्या प्लांटला स्टरर बंद पडला की डोसिंग आपोआप बंद करणारी इंटरलॉक असेल. ती चालते की नाही, शेवटची तपासणी कधी झाली, हे विचार. कुणी "तात्पुरती बायपास केलीय" म्हणालं, तर त्या बॅचवर उभी राहू नकोस. नोकरी गेली तर मामाकडे ये.

आता उतारा. इथे आकड्यांची लबाडी फार चालते, जाणूनही आणि न जाणताही.

वरच्या बॅचमधून सिद्धांताने 720 किलो ॲस्पिरिन निघायला हवं. ड्रायरमधून 655 किलो निघालं, तर 91 टक्के. छान. पण कुणी हाच उतारा ॲनहायड्राइडवर काढला तर ते 4.4 किलोमोल आहेत, 792 किलोचा सिद्धांत, आणि उतारा 83 टक्क्यांच्या खाली येतो. माल तोच, बॅच तीच. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की पहिला प्रश्न: कशावर? आधी संपणाऱ्या मालावर काढलेला आकडाच तुलनेला घ्यायचा. दुसरी लबाडी ओल्या केकची. सेंट्रीफ्यूजमधून 700 किलो निघालं, शिफ्टने लिहिलं 97 टक्के आणि घरी गेले. त्यात 8 टक्के ओलावा होता. कोरडा माल 644, म्हणजे 89. आणि कुठे 100 च्या वर उतारा दिसला तर अभिनंदन करू नकोस. त्यात पाणी आहे, सॉल्व्हंट आहे, मीठ आहे किंवा काटा चुकतोय.

कन्व्हर्जन आणि यील्ड एकच समजू नकोस. मूळ माल 95 टक्के संपला आणि संपलेल्यातला 90 टक्केच हव्या त्या वाटेने गेला, तर उतारा साडेपंच्याऐंशी. टीएलसीवर मूळ मालाचा ठिपका गेला एवढंच बघून खूश होणारे हे विसरतात. उलट कन्व्हर्जन कमी असूनही काम चोख असू शकतं. अलिबागजवळ थळला अमोनिया बनतो ना, अमोनियाच्या अशा कारखान्यांत एका फेरीत साधारण 15-20 टक्केच वायू बदलतो. पण उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा फिरवून आत आणतात, म्हणून शेवटी जवळजवळ काही वाया जात नाही. तिथे एका फेरीच्या आकड्यावरून कुणी नाक मुरडत नाही.

काही रिॲक्शन्स तर मुळातच अर्ध्या वाटेत थांबतात. आपल्याकडे मळीच्या अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट करतात. अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिड एकास एक घातलं तर समतोल दोन-तृतीयांशाला येऊन थांबतो. तिथे आधी काय संपणार हा प्रश्नच फसवा आहे. काहीच संपत नाही. अल्कोहोल तिप्पट घातलं तर ॲसिडचा 90 टक्के भाग बदलतो. किंवा जास्तीचं काही न घालता तयार होणारा एस्टर आणि पाणी उडवून काढत राहायचं. बहुतेक वेळा दुसरा रस्ता स्वस्त पडतो.

उतारा कमी आला की रिॲक्टरकडे धावू नकोस. त्या 720 आणि 655 मधले 65 किलो कुठे गेले ते आधी शोध. ॲस्पिरिन 25 अंशाच्या पाण्यात लिटरला 3 ग्रॅमच्या आसपास विरघळतं. हजार लिटर पाण्याने धुतलंस तर तीन किलोपर्यंत गटारात, आणि पाणी कोमट असेल तर त्याहून जास्त. शिवाय कोमट पाण्यात बसलं तर ते फुटून परत सॅलिसिलिक होतं. म्हणून धुणं गार पाण्याने आणि थोडक्यात. मदर लिकरमध्ये किती आहे ते एचपीएलसीवर काढून घे, अंदाजाने नको. मग सेंट्रीफ्यूजच्या कापडातलं, ड्रायरच्या बॅग फिल्टरमधलं, रिॲक्टरच्या भिंतीवरचं. पहिल्या चार-सहा बॅचेसना हा हिशोब पूर्ण जुळव. कुठली गळती दर वेळी तेवढीच असते आणि कुठली शिफ्टगणिक बदलते, ते कळलं की अर्धं काम झालं. आणि शेवटचा एक टक्का मिळवायला चार तास जास्त उकळवायचा मोह होईल तेव्हा आधी अशुद्धी बघ. बऱ्याचदा त्या चार तासांत मिळतं त्याहून जास्त बिघडतं, आणि रिॲक्टर अडकतो तो वेगळाच.

एका पायरीचा उतारा पाहून औषधाचा हिशोब होत नाही. प्रत्येक पायरी 90 टक्क्यांची असेल तर पाच पायऱ्यांनंतर 59 टक्केच उरतात, दहा पायऱ्यांनंतर पस्तीसच्या आत. म्हणून महाग माल शक्य तितक्या शेवटच्या पायरीला आणायचा, म्हणजे तो कमी वेळा गळतो. आणि उतारा उत्तम असूनही पद्धत वाईट असू शकते. आयबुप्रोफेनचं बघ. बूट्स कंपनीची जुनी सहा पायऱ्यांची पद्धत होती. तिच्यात घातलेल्या अणूंपैकी वजनाने साधारण 40 टक्केच औषधात पोचायचे. त्यातच तो ॲल्युमिनियम क्लोराइडचा ढीग. पुढे बीएचसी नावाच्या भागीदारीने तीन पायऱ्यांची पद्धत काढली, 77 टक्क्यांची. टेक्सासमधल्या बिशप गावी 1992 मध्ये तिचा प्लांट सुरू झाला आणि 1997 मध्ये तिला अमेरिकेचं हरित रसायनशास्त्राचं राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. अणूंचा असा हिशोब मांडायला बॅरी ट्रॉस्टने 1991 मध्ये शिकवलं. आपलं ॲस्पिरिन त्या मापाने 75 टक्के: 240 किलो घातलं की 180 किलो माल, 60 किलो ॲसेटिक ॲसिड. ते ॲसिड तुम्ही परत मिळवता की पाण्यात सोडता, हे प्लांटवर गेल्यावर विचार, आणि उत्तर गोल गोल आलं तर स्वतः जाऊन टाकीची लेव्हल बघ.

प्लांटवर यील्डपेक्षा "नॉर्म" हा शब्द जास्त ऐकशील: एक किलो मालाला किती किलो कच्चा माल लागला. ॲस्पिरिनला सॅलिसिलिकचा सिद्धांत 0.767. 90 टक्के उताऱ्याला तो 0.852 होतो. हे दोन आकडे पाठ कर, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी 0.74 सांगितला तर हसू दाबून तुला कळेल की साठ्याची मोजणी चुकलीय.

पहिल्या महिन्यात कुठली सुधारणा सुचवायला जाऊ नकोस. गेल्या पावसाळ्याच्या आणि गेल्या उन्हाळ्याच्या बॅच शीट्स मागून घे, वर सांगितलेला तो रकान्यांचा कागद प्रत्येक बॅचला मांड, आणि उतारा व ओलावा शेजारी शेजारी लिही. जिथे उतारा पडला तिथे शेवटच्या रकान्यातला लहान आकडा बदललाय का बघ. बदललेला दिसला तर कुणाची चूक म्हणून नाचवू नकोस. आधी तिथल्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला दाखव. त्याला ते बहुधा ठाऊकच असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. आणि गोदामातल्या त्या बॅगा पावसाळ्याआधी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवून घे. त्यासाठी कुणाची सही लागत नाही.